दहापैकी दहा, वर शिट्ट्या

१७ जानेवारी २०१८ ला पॅरिस सें-जर्में या फुटबॉल क्लबनं दिजाँ संघाचा ८-० असा फडशा पाडला. त्यात नेमारचे एकट्याचे चार गोल. 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकानं त्याला दहापैकी दहा गुण दिले. हे दैनिक गुणांच्या बाबतीत भलतं कंजूष. इतक्या वर्षांत असे दहा फार थोड्यांच्या वाट्याला आले. पण त्याच सामन्यात पॅरिसच्याच चाहत्यांनी नेमारवर शिट्ट्यांचा मारा केला होता. (तिकडे शिट्टी दाद म्हणून नव्हे, नाराजी म्हणून वाजते.)

कारण पेनल्टी. नेमारचाच सहकारी एदिन्सन कावानीनं त्याच रात्री क्लबसाठी १५६ वा गोल करून झ्लाटन इब्राहिमोविचच्या विक्रमाशी बरोबरी साधली होती. आणखी एक गोल झाला की विक्रम त्याचा. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाचा घोष करत असताना चेंडू नेमारनं घेतला आणि गोल केला.

समीक्षकांनी गुण दिले की 'आमच्या पोराला कमी का?' ही चाहत्यांची नेहमीची तक्रार, आणि ती पुष्कळदा आंधळी असते. इथे मात्र त्यांनी उलटा हिशेब मांडला. आम्हाला तो पटतो. शेवटची शिट्टी होते न होते तोच घाईनं भरलेल्या तक्त्यात गोल दिसतात; पासची वाट आधीच अडवून बसलेला बचावपटू दिसत नाही, आणि सहकाऱ्याला न दिलेली पेनल्टी तर नाहीच नाही.

या अंकातल्या सामन्यांच्या वृत्तान्तांसोबत आम्ही गुणतक्ता छापलेला नाही. कुणाला तो हवाच असेल तर पत्र पाठवा, भांडायला आम्ही तयार आहोत.