आरसा आणि विजेरी

मनुष्यास एखादी वस्तू दोन कारणांनी हवीशी वाटते. ती उपयोगी पडते हे एक, आणि ती हाती असली म्हणजे चार लोक आपल्याकडे वळून पाहतात हे दुसरे. ही दोन्ही कारणे मनात इतकी मिसळलेली असतात की, एक कोठे संपते व दुसरे कोठे सुरू होते हे घेणाऱ्यासही सांगता येत नाही. आज आम्ही वाचकांपुढे दोन जुने मोबाईल फोन ठेवणार आहोत. त्यांच्यात ही दोन कारणे वेगवेगळी दिसतात.

सन २००४ मध्ये फिनलंडमधील नोकिया कंपनीने ७२८० ह्या क्रमांकाचा एक फोन काढला. तो लिपस्टिकच्या कांडीसारखा लांबट व निमुळता असून वजनाने अवघा ८४ ग्रॅम होता. अंग काळे, त्यावर पांढऱ्या व तांबड्या रंगाची शोभा. पडदा विझला की त्याचा आरसा होई. एक भाग सरकविला म्हणजे आतला कॅमेरा उघडे. तयार कपड्यास असते तसे एक लहानसे कापडी लेबलही त्याच्या कडेला शिवल्यासारखे लाविले होते. सगळ्यांत नवलाची गोष्ट ही की, त्याला अंकांची बटणेच नव्हती! एक चकती फिरवून अंक अथवा अक्षर एकेक करून निवडावे लागे. 'आई, पोहोचलो' एवढे दोन शब्द लिहावयाचे तरी ती चकती कितीदा फिरवावी लागेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याच कंपनीने एक वर्ष आधी, सन २००३ मध्ये, ११०० ह्या क्रमांकाचा फोन आणला होता. त्यात कॅमेरा नव्हता, रंगीत पडदाही नव्हता. पण बटणांत धूळ शिरू नये व तो हातातून निसटू नये अशी त्याची घडण होती, आणि डोक्यावर एक लहानशी विजेरी होती. भारतासारख्या देशांतील साधा ग्राहक दृष्टीसमोर ठेवून तो घडविलेला होता. जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले.

आता सुरतेतील डिंडोलीकडे वळू. जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या भागांतून पोटासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांची तेथे मोठी वस्ती आहे. पुष्कळांचे हात यंत्रमागावर चालतात, आणि बारा बारा तासांच्या पाळ्या त्यांच्या अंगवळणी पडल्या आहेत. पूर्वी अशा माणसांना गावाकडची खुशाली विचारावयाची तर एसटीडी बूथवर रांग धरावी लागे, आणि रात्री दर उतरेपर्यंत थांबावे लागे. भारतातील पहिले मोबाईल संभाषण दिनांक ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पण त्यानंतर कित्येक वर्षे आलेला फोन घेण्यासही पैसे पडत. सन २००३ मध्ये तो आकार गेला, आणि मगच कामगाराच्या खिशात फोन आला. कापडाच्या धुळीत वावरणाऱ्या त्या माणसास आरशाचा उपयोग काय? त्यास ठणठणीत बटण आणि अंधाऱ्या जिन्यात उजेड हवा होता.

एवढ्यावरून फॅशनची निंदा करावी, असे मात्र आम्हांस वाटत नाही. डिंडोलीतील शेकडो चुली साडीच्या नव्या नक्षीवरच पेटतात. लोकांनी नवे मागणे सोडले तर तेथील माग उभे राहतील. परंतु साडीकडे नीट पाहा. रंग बदलतो, किनार बदलते, बुट्टी बदलते. साडेपाच मीटरांचे तिचे अंग मात्र तसेच राहते, कारण अंगभर नेसता यावी हे तिचे काम आहे. उद्या कोणी शोभेसाठी तिचा पदरच कापला, तर तिला कोण नेसेल? ७२८० क्रमांकाच्या फोनचे असेच झाले. नटविता नटविता त्याचे मुख्य कामच अवघड होऊन बसले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, बटणे काढून टाकण्याची ती कल्पना वेडगळ नव्हती. सन २००७ मध्ये ॲपल कंपनीचा आयफोन आला. त्यालाही अंकांची बटणे नव्हती, आणि आज बहुतेकांच्या हाती तशाच जातीचा फोन आहे. भेद इतकाच की, तेथे हवी तेव्हा बटणे काचेवर उमटतात. चकतीने मात्र सारा भार माणसाच्या बोटावर टाकला होता. पुढे नोकियाने आपला फोनचा धंदा सन २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीस विकला. मोठ्या घराण्यांसही दिवस फिरतात.

आज हप्त्यांची सोय झाल्यामुळे मुलगा महागडा फोन घेतो, आणि बापाच्या बटणांच्या फोनची त्यास चारचौघांत लाज वाटते. ही लाज घराघरांत शिरू पाहत आहे, म्हणून हा सारा प्रपंच. आईबापांनी चिडू नये. नवा फोन घेण्यापूर्वी मुलास जवळ बसवून तीनच प्रश्न शांतपणे विचारावेत: ह्याने कोणते काम होईल जे आज अडते आहे? हप्ता किती महिने चालेल, आणि त्या महिन्यांत घरातील कोणता खर्च मागे पडेल? शेजाऱ्याने पाहिला नाही, तरी हाच घेशील काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत मांडता येतात. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे आहे. आणि ज्या बापाच्या जुन्या फोनवरून आजवर घरचे सारे निरोप गेले, त्याच्यासमोर ते दिले गेले तर अधिक बरे.