खात्यात २० हजार डॉलर दाखवले, मग पोरगं फूड बँकेच्या रांगेत का?

उन्हाळ्यात लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या कुटून घेणाऱ्यांत परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे आईवडीलही असतात. मसाला, मेतकूट, भाजणी, दादरहून घेतलेले लाडू... ही शिदोरी दोन-तीन महिने पुरते. प्रश्न त्यानंतरचा आहे.

कॅनडाचंच बघा. १ जानेवारी २०२४ पासून स्टडी परमिटसाठी फी आणि प्रवास सोडून राहण्या-खाण्याचे २०,६३५ कॅनेडियन डॉलर दाखवणं सक्तीचं झालं. आधी हा आकडा १० हजार होता. सप्टेंबर २०२५ पासून तो २२,८९५ झालाय. मुलं अपुऱ्या पैशात येऊन अडकू नयेत, हा हेतू होता.

पण त्यातून वेगळाच अर्थ निघाला. पैसे दाखवून आलात ना, मग मोफत किराणा कशाला? ग्रेटर व्हँकुव्हर फूड बँकेने २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मदत थांबवली, ती याच मुद्द्यावर. त्याच वर्षी फुकट किराणा कसा मिळवायचा हे सांगणारा एका भारतीय तरुणाचा व्हिडिओ व्हायरल झाला आणि शिव्या खऱ्या गरजूंनाही पडल्या. फूड बँकांची अडचणही खरी आहे. मार्च २०२४ या एका महिन्यात कॅनडाभरात लोक २० लाखांहून जास्त वेळा त्यांच्या दारात गेले.

गोम अशी की दाखवलेली रक्कम एकाच वर्षाची असते आणि अनेक घरांत ती कर्जाची असते. महिन्याला भागली तर साधारण १,९०० डॉलर. त्यातूनच भाडं. कॉलेज सुरू असताना बाहेर काम आठवड्याला २४ तासच, तेही मिळालं तर. परळच्या गिरणी कामगाराला खाणावळीचे पैसे पगार झाल्यावर देता यायचे. टोरंटोत अशी उधारी ठेवणारी मावशी कुठे शोधणार?

मग मदत मागायची कुठे? आधी कॉलेजमध्ये. कॅनडा-अमेरिकेत बऱ्याच कॅम्पसवर विद्यार्थ्यांसाठी फूड बँक किंवा पँट्री असते. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर सरकारी 'स्नॅप' योजना मिळत नाही, कॅम्पस पँट्री मात्र सहसा मिळते. ब्रिटनमध्ये स्टुडंट व्हिसावर सरकारी भत्ते घेता येत नाहीत, पण फूड बँक त्या यादीत नाही. तिथे गेल्याने व्हिसाची अट मोडत नाही. बहुतेक ठिकाणी शिफारसपत्र लागतं, ते विद्यापीठाच्या सल्ला केंद्रातून मिळू शकतं.

गिरगावातून फोन केला की 'जेवलास का?'ला उत्तर 'हो' असंच येतं. 'आज काय जेवलास?' असं विचारून बघा.