पहिले प्रकरण गाळू नका

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते : पुढे काय? डॉक्टर आणि इंजिनिअर या दोन शब्दांनी, आणि अलीकडे स्पर्धा परीक्षा या तिसऱ्या शब्दाने, ही चर्चा व्यापलेली असते. ज्यांना त्या वाटा मिळत नाहीत त्यांना ‘मग बी.ए. कर’, ‘मग बी.कॉम. कर’, ‘मुलगी आहे, नर्सिंगला टाका’ असे म्हणून पुढे ढकलले जाते. या विषयांकडे उरलेली जागा म्हणून पाहिले जाते. विद्यार्थीही मग ते तसेच शिकतो. पुस्तकाचे पहिले प्रकरण, ज्याचे नाव बहुधा ‘स्वरूप, व्याप्ती आणि मूलभूत संकल्पना’ असे असते, ते गाइडमधल्या दीड पानावर भागवतो आणि जास्त गुणांच्या प्रकरणांकडे वळतो.

माझे म्हणणे असे आहे की गाळू नये असे एखादे प्रकरण असेल तर ते हेच. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बुद्धीविषयी आणि स्वभावाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो. हिशेब शिकलेल्याच्या हाती दुसऱ्याचा पैसा येतो, परिचारिकेच्या हाती दुसऱ्याचा देह येतो आणि संशोधकाच्या हाती दुसऱ्याचे आयुष्यच अभ्यासवस्तू म्हणून येते. हे चारही अधिकार मोठे आहेत. त्या अधिकारांना घातलेला लगाम म्हणजे त्या त्या विषयाचे पहिले प्रकरण. आपला समाज शतकानुशतके या चारही टेबलांच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. आता आपली मुले अलीकडच्या खुर्चीत बसणार आहेत. लगाम न शिकता ती त्या खुर्चीत बसली, तर केवळ माणूस बदलेल, व्यवहार तोच राहील.

मानसशास्त्रापासून सुरुवात करू. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. नेहमीच्या वर्गात मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना विशेष साहाय्य द्यावे, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी गोष्ट आहे या समजुतीला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. पुढे मात्र अमेरिकेत आणि अन्यत्र हीच कसोटी माणसांना वरचे-खालचे ठरवण्यासाठी वापरली गेली. मदतीसाठी घडवलेले साधन शिक्का मारण्याचे साधन झाले. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी या कसोटीचे रूपांतर केले, कारण एका देशातल्या, एका भाषेतल्या मुलांवर बेतलेले माप दुसऱ्या मुलांना जसेच्या तसे लावता येत नाही. पहिल्या प्रकरणातील विश्वसनीयता, वैधता आणि प्रमाणके या संकल्पना नेमके हेच सांगतात. माप पुन्हा घेतले तरी तेच येते का? जे मोजायचे आहे तेच ते मोजते का? आणि ते कोणत्या मुलांवर तपासून घेतले आहे? ज्या समाजाच्या मुलांना ‘यांना कुठले शिक्षण झेपणार’ हे वाक्य कोणतीही कसोटी न घेता ऐकवले गेले, त्याने हे तीन प्रश्न पाठ नव्हे, आत्मसात करायला हवेत.

याच विषयातील आणखी एक प्राथमिक संकल्पना ली रॉस यांनी १९७७ मध्ये नाव देऊन मांडली. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण त्याच्या स्वभावाला फार महत्त्व देतो आणि त्याच्या परिस्थितीला फार थोडे. वसतिगृहात नव्याने आलेला, पहिला महिनाभर न बोलणारा मुलगा ‘मठ्ठ’ किंवा ‘गर्विष्ठ’ ठरतो. त्याला घराची आठवण येत असेल, इथली बोली त्याला परकी वाटत असेल, हे ध्यानात यायला वेळ लागतो. आपल्या शिक्षकांना, गृहपालांना आणि पालकांना ही एक संकल्पना उमगली तरी कितीतरी मुलांच्या माथी लागणारा शिक्का टळेल.

हिशेबाकडे कोरडा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. पण हिशेबाची वही ज्याच्या हाती नसते त्याला तिची ताकद चांगली कळते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो सावकारांकडील कर्जरोख्यांवर. ते कागद हिसकावून जाळण्यात आले. त्या कागदांवर काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. नंतर १८७९ मध्ये झालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या कायद्यात, ऋणकोला पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क नोंदवला गेला. पावती ही साधी गोष्ट किती मोठ्या अन्यायाच्या पोटी जन्माला येते, हे यावरून समजावे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात कळते की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एक खाते जमा होते, तेव्हा दुसरे नावे पडते. द्विनोंदी पद्धतीचे छापील विवेचन लुका पाचोली यांनी व्हेनिसमध्ये १४९४ साली प्रसिद्ध केले. तत्त्व आजही तेच आहे. त्याच्या जोडीला तीन गोष्टी येतात. पहिली, मालक आणि व्यवसाय वेगळे : गल्ल्यातला पैसा मालकाच्या खिशातला नव्हे. दुसरी, व्हाउचरशिवाय नोंद नाही. तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते : तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा, असे नाही. एखादा व्यवहार मुळात लिहिलाच नसेल, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा खुशाल जुळतात.

हे तिन्ही धडे आपल्या मंडळांना, विहारांच्या समित्यांना आणि शिक्षणसंस्थांना लागू आहेत. जयंतीची वर्गणी देणारा माणूस रोजंदारीवर जाणारा असतो. त्याच्या शंभर रुपयांची पावती आणि खर्चाचा ताळेबंद फलकावर लावणे हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत, तो त्याचा हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपण अभिमानाने सांगतो. पण बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, हे फारसे सांगितले जात नाही. हिशेब लिहिणाऱ्यांच्या वर्गापुढे त्यांनी तीन वर्षे उभे राहावे, यात त्या शिक्षणाला कमी लेखू नये हे पुरेसे सांगितले आहे.

परिचर्येच्या अभ्यासात विद्यार्थिनीच्या हाती पहिल्यांदा येणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे तापमापक. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ‘यंग इंडिया’त १९२९ साली छापून आलेले एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. काठेवाडातील त्या शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. वस्तीबाहेर आणून दाखवण्याच्या अटीवर तो आला, तेव्हा त्याने तापमापक एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने पत्नीला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत गेला. रुग्णाला हात न लावता निदान झाले. ती माउली वाचली नाही. परिचर्येची पहिली पायरी, म्हणजे रुग्णाजवळ जाऊन त्याची पाहणी करणे, आपल्या माणसांना नाकारली गेल्याचा याहून स्पष्ट दाखला नाही.

म्हणूनच आपली मुलगी नर्सिंगला जाते तेव्हा ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही’ असे खंतावून सांगू नये. पाहणी, गरजेचे निदान, नियोजन, प्रत्यक्ष सेवा आणि परिणामाचे मूल्यमापन असा परिचर्येचा स्वतःचा शास्त्रीय क्रम आहे. रुग्ण जे सांगतो ते आणि आपण जे मोजतो ते वेगवेगळे नोंदवायचे, हा त्यातला पहिला नियम. ‘रुग्ण उगाच कण्हतो आहे’ ही नोंद नव्हे, तो नर्सचा ग्रह झाला. ‘पोटात उजवीकडे दुखते असे रुग्ण सांगतो, ताप १०१’ ही नोंद. विनयपिटकातील आजारी भिक्षूची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. कोणी न विचारणाऱ्या, मलमूत्रात पडलेल्या त्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुणही सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य ओळखणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि रुग्णाला धीर देणारे बोलता येणे. यातील पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. करुणेला कौशल्याची जोड हवी, हे तिथेही मानलेले आहे.

आता चौथा विषय, संशोधनाची नीती. अमेरिकेत अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्याने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर आणि तुलनेसाठी आणखी २०१ जणांवर ‘अभ्यास’ चालवला. रोगाचे खरे नाव त्यांना सांगितले गेले नाही. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार उपलब्ध झाला, तोही त्यांच्यापासून दूर ठेवला गेला. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून वाच्यता झाल्यावर हे थांबले. त्यातून १९७९ चा बेल्माँट अहवाल आला आणि त्याने तीन तत्त्वे सांगितली : व्यक्तीचा आदर, व्यक्तीचे हित आणि न्याय. संशोधनाचा भार एकाने सोसायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा हे चालणार नाही, असा त्या न्यायाचा अर्थ आहे.

हे परदेशात घडले म्हणून सोडून देता येणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदऱ्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक अभ्यासप्रकल्प झाला. खम्ममच्या अनेक मुली आदिवासी आणि वसतिगृहांत राहणाऱ्या होत्या. तक्रारींनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प स्थगित झाला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतिपत्रांचा हिशेब मांडला : आंध्रातील ९,५४३ पत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या गृहपालांच्या सह्या होत्या. ही लस वाईट होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. आज अनेक देशांत ती दिली जाते आणि मुलींचे रक्षण करते. प्रश्न लसीचा नव्हता, संमतीचा होता. चांगली गोष्टही विचारूनच करावी लागते.

निवासी शाळा चालवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा, असे मला वाटते. पालक मूल आपल्या स्वाधीन करतात ते शिकवण्यासाठी, त्याच्या वतीने कुठेही सही करण्यासाठी नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की संशोधनात मुलाला सामील करायचे तर पालकांची संमती हवीच. त्याखेरीज ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढील मुलाचा लेखी होकारही हवा. प्रश्नावली घेऊन येणाऱ्या अभ्यासकांनाही आपण हेच विचारले पाहिजे : मुलांना काय सांगणार, नावे गुप्त कशी ठेवणार, नको म्हणणाऱ्या मुलाला मोकळे सोडणार का?

कोणी म्हणेल, संकल्पनांनी पोट भरत नाही, नोकरी गुणांवर मिळते. हा आक्षेप खोटा नाही. कर्ज काढून शिकवणाऱ्या आई-बापांना गुणांची चिंता असणारच. पण आपली मुले पहिल्या वर्षी अडखळतात ती बुद्धीमुळे नव्हे. ‘व्हॅलिडिटी’, ‘अ‍ॅक्रुअल’, ‘कन्सेंट’ हे शब्द त्यांना थेट इंग्रजीत भेटतात आणि ती अर्थाऐवजी स्पेलिंग पाठ करतात. अर्थ आधी मायबोलीत रुजला तर इंग्रजी शब्द त्यावर सहज बसतो, गुणही वाढतात.

यासाठी मोठा निधी लागत नाही. बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत आठ संध्याकाळी पुरेत, प्रत्येक विषयाला दोन. या शाळेचे माजी विद्यार्थी आज बँकांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांत आहेत. त्यांनी यावे आणि आपल्या विषयाचे पहिले प्रकरण मराठीतून शिकवावे. पालकांनी पहिल्या सहामाहीत गुणांच्या आधी एक प्रश्न विचारावा : या विषयाने तुला काय करायचे नाही असे शिकवले? आणि संस्थेने स्वतःपासून सुरुवात करावी : मुलांवर शिक्के मारू नयेत, खर्चाचा तपशील फलकावर लावावा, आजारी मुलाची नोंद नीट ठेवावी आणि पालकांच्या जागी सही करू नये.

आपल्या मुलांना खुर्ची मिळावी यासाठी मागच्या पिढ्यांनी फार सोसले. त्या खुर्चीसमोर उद्या जो माणूस उभा राहील, तोही कोणाच्या तरी वस्तीतूनच आलेला असेल. त्याच्याशी कसे वागायचे हे त्या पहिल्या प्रकरणात लिहिलेले आहे.