थकहमी कारखान्याला, खाडा कोयत्याला



सहकारी साखर कारखाना उभा राहतो तो कुणाच्या पैशावर, ते आधी बघा. भागभांडवलात सरकारचा वाटा. कर्ज राष्ट्रीय सहकार विकास निगमचं. ही केंद्र सरकारची संस्था, १९६३ साली काढलेली. अलीकडं केंद्रानं निगमला १,००० कोटींचं अनुदान दिलं, त्याच्या जोरावर कारखान्यांना १०,००० कोटींपर्यंत कर्ज वाटायची योजना आखली. राज्य सरकार थकहमी देतं. कारखाना बुडाला तर भरायचं तिजोरीनं. तिजोरी म्हणजे कोण? काडेपेटीवर कर भरणारे तुम्ही-आम्ही.

आता दुसरं कर्ज बघा. बीडच्या तांड्यावर, वाडीवर, मांगवाड्यात, बौद्धवाड्यात मुकादम येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यामागं उचल. हिला थकहमी कुणाची? बाईच्या अंगाची, पोराच्या शाळेची. पाळी आली, ताप आला, एक दिवस पडून राहिली की खाडा. दंड उचलीत चढतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा फड.

२०१९ साली सरकारच्याच समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यापायी कुणाच्या कर्जाचा हप्ता अडला, विचारा! ज्या मराठवाड्यात प्यायला टँकर, तिथंच उसाला पाट. तेही कर्ज देताना कुणी विचारत नाही.

निगम म्हणणार, आम्ही कारखान्याला दिलं. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. ही जुनीच उतरंड. पैसा हात बदलत खाली येतो, पण विटाळ कुणालाच होत नाही.

हे सोंग जगभर चालतं. होंडुरासमधल्या दिनांत या पाम तेलाच्या कंपनीला जागतिक बँकेच्या आयएफसीनं २००८ साली ३ कोटी डॉलर मंजूर केले, निम्मे २००९ साली दिले. जमिनीच्या झगड्यात तिथं शेतकरी मारले गेले. आयएफसीनं आपलेच नियम पाळले नाहीत, हे तिच्याच तक्रार-यंत्रणेनं जानेवारी २०१४ मध्ये उघड केलं. कच्छच्या मच्छीमारांनी वीज प्रकल्पापायी आयएफसीला अमेरिकेच्या कोर्टात खेचलं. तिला सरसकट संरक्षण नाही, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१९ साली ठरवलं. पुढं खालच्या कोर्टांनी मच्छीमारांना रिकाम्या हातानं परत पाठवलं, हेही खरं. पण पैसा देणाऱ्याची गचांडी धरता येते, हे त्यांनी दाखवलं.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडलं होतं, की शेती राज्याचा उद्योग व्हावी, पाणी, बियाणं, अवजारं राज्यानं पुरवावीत, आणि जमीनदार, कूळ, भूमिहीन मजूर यांतलं कुणीच उरू नये. आपल्या राज्यकर्त्यांनी अर्धं वाक्य उचललं. राज्याचा पैसा आला. भूमिहीन मजूर तसाच राहिला, हातात कोयता घेऊन.

म्हणून कल्याणाची भीक नको. थकहमीच्या कागदावरच अट घाला. प्रत्येक मजुराची, बाईची वेगळी, नोंद कारखान्याच्या नावावर. खाडा बंद. फडावर पाणी, संडास, दवाखाना नसेल तर पुढचा हप्ता बंद. आणि तक्रार निगमच्या दारात.

पोरांनो, नुसत्या घोषणा पुरेत. थकहमीचे शासन निर्णय काढा. माहितीच्या अधिकारात कर्जाच्या अटी मागा. टोळ्या निघण्याआधी वस्तीवर मोठ्यानं वाचून दाखवा. ज्याच्या पैशानं कारखाना चालतो, त्याला हिशेब मागायचा हक्क आहे. आणि तो पैसा आपला आहे.

जयभीम!