इंजिन ठोकू लागले, तर आधी कान द्या



गहू ओंबीवर आला, कांदा पोसू लागला, की पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. वीज रात्रीची असली, की विहिरीवरचे डिझेल इंजिन हाच आधार. आणि नेमके याच दिवसांत इंजिन 'ठोकू' लागते. मग घरात वाद. एक म्हणतो, एवढी पाळी होऊ द्या, मग मिस्त्रीला बोलावू. दुसरा म्हणतो, आत्ताच बंद करा. कोणत्या आवाजावर पाळी पुरी करता येते आणि कोणत्या आवाजावर जागच्या जागी इंजिन बंद करायचे, हे ओळखता आले तर वादही मिटतो आणि हजारोंचा खर्चही वाचतो. विहिरीवरच्या इंजिनाचे जे सांगतो, ते बहुतेक ट्रॅक्टरला, जीपला आणि मोटारीलाही लागू आहे.

डिझेल इंजिनाचा आवाज मुळातच खडा असतो. त्यात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि नोझलमधून आलेला डिझेलचा फवारा त्या उष्णतेने पेट घेतो. फवारा आल्यापासून पेटेपर्यंत अगदी थोडा वेळ जातो. तेवढ्यात साचलेले डिझेल एकदम भडकते, त्याचा तो टणटण आवाज. इंजिन थंड असले की हा वेळ लांबतो, म्हणून थंडीत पहाटे इंजिन जास्त वाजते आणि गरम झाले की निवळते. हे दुखणे नव्हे.

मात्र गरम झाल्यावरही हा टणत्कार हातोडी मारल्यासारखा राहिला आणि जोडीला काळा धूर असला, तर संशय डिझेलच्या वाटेवर घ्यावा. नोझल फवारा न मारता थेंब थेंब गाळत असेल. किंवा पंप काढून परत बसवताना त्याखालच्या पातळ पत्र्या कमी पडल्या असतील. तसे झाले की डिझेल वेळेआधी येते आणि इंजिन ठोकते. म्हणून पहिला प्रश्न स्वतःलाच विचारावा : आवाज सुरू होण्याआधी इंजिनाला हात कोणी लावला होता आणि काय केले होते? निम्मे निदान या उत्तरात सापडते. नोझल तपासून घेणे हे थोड्या पैशांचे काम आहे. ते करायच्या आधी कोणी 'सगळे इंजिन खोलावे लागेल' म्हणाला, तर घाई करू नये.

आता लोखंडाची ठोक. इथे सर्वांत उपयोगाची खूण म्हणजे थंड आणि गरम यांतला फरक. थंड असताना खडखड आणि गरम झाल्यावर कमी, असे असेल तर पिस्टन आणि लायनर यांच्यात जागा झाली आहे. तापल्यावर पिस्टन फुगतो आणि ती जागा भरून निघते. असे इंजिन काम काढायला आले आहे खरे, पण पाळी पुरी करून, हंगाम संपवून काम काढले तरी चालते. उलट थंड असताना गप्प आणि तापले की ठोक, लोड आला की अधिक ठोक, असे झाले तर ते बेअरिंगचे लक्षण. ऑईल तापून पातळ झाले की झिजलेल्या बेअरिंगमधली फट त्याच्याने झाकली जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड दर फेऱ्याला क्रँकवर आपटतो. हा आवाज जड, खालून येणारा, 'धप-धप' असा असतो. चालू इंजिन एकदम कमी केले, तर त्या क्षणी तो खुळखुळल्यासारखा वाजतो. ट्रॅक्टरवर याच वेळी ऑईलच्या दाबाचा काटा खाली आला किंवा लाल दिवा लागला, तर वाफा पुरा व्हायची वाट पाहू नये. इंजिन बंद.

वरच्या बाजूने शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक येत असेल, तर ती टॅपेटची. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व्ह एकदा उघडतो, म्हणून ही टिकटिक फेऱ्यांच्या निम्म्या वेगाने ऐकू येते. १५०० फेऱ्यांच्या इंजिनात ती मोजणे शक्य नाही, पण ६५० फेऱ्यांच्या जुन्या संथ इंजिनात सरावलेल्या कानाला फरक कळतो. पुस्तकात दिलेल्या मापाने फट लावून घेतली की काम झाले.

आवाज नेमका कुठून येतो हे ऐकायला लांब पेचकस किंवा कोरडी काठी पुरते. एक टोक इंजिनाच्या अंगावर आणि दुसरे कानापुढच्या हाडावर टेकवावे. जिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते, तिथे दुखणे. पण पट्टा आणि फ्लायव्हील यांच्यापासून दूर राहून. धोतराचा सोगा, गळ्यातला पंचा, साडीचा पदर, सगळे आधी खोचून घ्यावे. फिरत्या पट्ट्याने माणूस ओढला गेला, तर दुखण्याचे निदान करायला कोणी उरत नाही.

फ्लायव्हीलचा उल्लेख आला म्हणून सांगतो. एका बागायतदाराच्या इंजिनाला मोठी ठोक लागली. मिस्त्रीने क्रँक गेला असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून त्या घराने दावणीची दुभती म्हैस बाजारात न्यायचे ठरवले होते. इंजिन थंड असताना फ्लायव्हील हाताने पुढे-मागे हलवून पाहिले, तर आतला शाफ्ट जागेवर आणि फ्लायव्हील मात्र किंचित हलते. आतली चावी ढिली झाली होती. नवी चावी ठोकून बसवली आणि आवाज गेला. ही तपासणी कोणालाही करता येते. तशीच पायाचे बोल्ट आणि पंपाच्या कपलिंगची तपासणी. या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नये.

बेअरिंगचा संशय असेल तर इंजिन थंड झाल्यावर बाजूचे झाकण काढून रॉड हाताने हलवून पाहावा. शाफ्टच्या दिशेने तो थोडा सरकतो, ते ठीकच आहे. वर-खाली खट्ट असा वाजला, तर बेअरिंग गेले. या घडीला थांबलात तर बेअरिंगचे शेल आणि फार तर क्रँक ग्राइंडिंग एवढ्यावर निभावते. 'दोन वाफे उरलेत' म्हणून चालवलेत, तर रॉडचा बोल्ट तुटून रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग वाफेही राहतात आणि इंजिनही जाते. शेजाऱ्याचे इंजिन भाड्याने आणणे त्यापेक्षा किती तरी स्वस्त.

बेअरिंगे बहुधा ऑईलपायीच जातात. रोज सकाळी पट्टी काढून पाहावी. ऑईल कमी होणे वाईट, पण न घालता वाढणे त्याहून वाईट. याचा अर्थ त्यात डिझेल किंवा पाणी मिसळते आहे. डिझेलचा वास येतो, पाण्याने ऑईल दुधाळ चहासारखे दिसते. थोडे ऑईल पांढऱ्या फडक्यावर चोळून उन्हात धरावे. चकाकणारे कण दिसले, तर ती झिजलेली धातू समजावी.

ट्रॅक्टरचा कोणता सिलिंडर ठोकतो हे पाहायला जुने मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करतात. ज्याच्या वेळी आवाज उतरतो, तो सिलिंडर. हे जुन्या पंपाच्या इंजिनावर, तोंड आणि हात दूर ठेवून, जाणत्यानेच करावे. डिझेलची चिळकांडी कातडीत घुसते, आणि तसे झाले तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठावा. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्या, आणि जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरचे नवे ट्रॅक्टर यांत मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. कॉमन रेलमधला दाब दर चौरस सेंटीमीटरला हजार किलोच्या वर जाऊ शकतो. तिथे कंपनीच्या यंत्राने तपासणी करावी.

पेट्रोलची मोटार घाट चढताना खुळखुळत असेल, तर आधी खालचा गिअर टाकून पाहावा. आवाज गेला तर बहुधा इंजिनावर वरच्या गिअरमध्ये ओझे पडत होते. तरीही राहिला तर कार्बन साचला आहे का, टायमिंग बरोबर आहे का, हे पाहून घ्यावे.

क्रँक ग्राइंडिंगला टाकलाच, तर आधी मायक्रोमीटरने माप घेताना समोर उभे राहावे. पिन अंडाकृती झिजली असताना नुसते नवे शेल बसवले, तर ठोक महिन्याभरात परत येते. ग्राइंडिंग झाल्यावर कोणत्या मापाचे शेल बसवले, ०.२५ की ०.५० मिलिमीटर, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे, जुने शेल परत मागावेत आणि ती चिठ्ठी इंजिनाच्या पुस्तकात ठेवावी.