नावाचा सातबारा

पूर्णा हे नाव कुणाच्या मालकीचं, असा प्रश्न आमच्या गावात आजवर कुणाला पडलेला नाही. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून, आमच्या गावाला आपलं नाव देऊन पुढे गोदावरीला मिळते ती एक पूर्णा. अमरावती-अकोल्याकडून वाहत येऊन चांगदेवापाशी तापीला मिळते ती दुसरी. आणि डांगच्या जंगलातून उतरून नवसारीवरून समुद्राला जाते ती तिसरी. तिघी हजारो वर्षं आपापल्या वाटेनं वाहताहेत. एकीनं दुसरीला वकिलाची नोटीस धाडल्याचं ऐकिवात नाही.

नावांची पहिली वाटणी केली ती रेल्वेनं. रेल्वेच्या दप्तरी एका खुणेचं एकच स्टेशन असावं लागतं. 'पी आर एन ए' ही खूण कुणालाही आमचीच वाटेल. पण ती बिहारातल्या पूर्णियाकडे आहे. आमच्या वाट्याला आलं 'पी ए यू'. या तीन अक्षरांत पूर्णा कुठं दडून बसली आहे ते शोधण्यात गाडीची वाट पाहणाऱ्या कित्येक पिढ्यांचा वेळ बरा गेला आहे. पण एक सांगतो. त्या खुणेचं भाडं मागायला दर वर्षी कुणी दारात येत नाही. आणि भाडं थकलं म्हणून एके दिवशी सकाळी स्टेशनवर 'पूर्णा जंक्शन'ऐवजी जुगाराच्या अड्ड्याची पाटी लागली आहे, असंही होत नाही.

इंटरनेटवर होतं. आणि आज मला भांडायचं आहे ते त्याबद्दलच.

इंटरनेटवरच्या नावाला डोमेन म्हणतात. टिंबाच्या अलीकडे आपलं नाव आणि पलीकडे 'कॉम', 'ओआरजी', 'इन' असं एखादं आडनाव. लोक कौतुकानं सांगतात, "आम्ही डोमेन विकत घेतलं!" विकत काही मिळत नसतं हो! मिळतं ते वर्षाच्या करारानं. एका वेळी फार तर दहा वर्षांच्या. सगळ्यांत वर अमेरिकेत १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' नावाची संस्था. तिच्याखाली एकेका आडनावाचं दप्तर सांभाळणारे. आपल्या 'इन'चं दप्तर २००५ पासून 'निक्सी' या भारतीय संस्थेकडे आहे. त्याखाली नोंदणी करून देणारे अधिकृत दुकानदार, त्यांच्याखाली त्यांचे अडते, अडत्याखाली 'वेबसाइट बनवून मिळेल' अशी पाटी लावलेला कॉम्प्युटरवाला, आणि सगळ्यांत खाली पायरीवर चप्पल सांभाळत उभे असलेले आपण.

जमीनदार, कूळ, पोटकूळ आणि सालगडी! ही उतरंड मराठवाड्याला नवी नाही. पण आमच्याकडे १९५० साली हैदराबाद कुळवहिवाटीचा कायदा आला आणि कसणाऱ्याला निदान कागदावर काही हक्क मिळाला. इंटरनेटच्या शिवारात तो कायदा अजून पोचलेला नाही. 'वापरेल त्याचं नाव' तिथं चालत नाही. खातं ज्याच्या हाती, नाव त्याचं.

आमच्या वाचनालयाचंच बघा. काही वर्षांपूर्वी कार्यकारिणीनं ठराव करून, चहा पिऊन, एका मोठ्या शहरातल्या कंपनीकडून वाचनालयाची वेबसाइट बनवून घेतली. तीत पुस्तकांची यादी होती, व्याख्यानमालेचे फोटो होते, आणि वाचनालयाला देणगी देऊन नंतर तिचा आयुष्यभर उल्लेख करणाऱ्यांची नामावलीही होती. बिलावर 'डोमेन, होस्टिंग व देखभाल' अशी एकच ओळ आणि समोर एकच आकडा. पुढे कंपनीचे फोन लागेनासे झाले. मग एका रात्री आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा मला फोन आला.

"अहो, आपल्या वाचनालयात रमी कधीपासून सुरू झाली?"

पुस्तक आहे की गेलं, एवढंच पाहायला गुरुजींनी वेबसाइट उघडली होती. समोर रंगीबेरंगी पत्ते, आणि 'आत्ताच खेळा, लाखो जिंका' असं आमंत्रण. वेबसाइटवर अशी चैतन्याची लाट याआधी कधी आलेली नव्हती, हे मान्य. पण प्रकार काय आहे? नाव नोंदवलं होतं कंपनीच्या मालकाच्या नावानं. ई-मेल त्याचा, पासवर्ड त्याचा. भाडं भरण्याची सूचना त्याला आली, त्यानं ती भरली नाही, मुदत टळली, नाव बाजारात आलं आणि जुगारवाल्यानं उचललं. संस्था आमची, पुस्तकं आमची, पुस्तकांतली कसरसुद्धा आमची. नाव तेवढं दुसऱ्याचं.

मी हे तावातावानं सांगत होतो तेव्हा भाचा समोर मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. तो म्हणाला, "मामा, उगंच कशाला डोकं तापवायलाव? सगळं फुकट मिळायलंय आता ऑनलाइन." आणि त्यानं मला उपयुक्त साधनांची एक लांबलचक यादी दाखवली. नाव सुचवणारं यंत्र, बोधचिन्ह काढून देणारं यंत्र, दहा सर्वोत्तम होस्टिंग कंपन्यांची तुलना, आणि प्रत्येक कंपनीपुढे पाच-पाच तारे.

माझं खरं भांडण आहे ते या याद्यांशी. स्टँडवर उतरल्याबरोबर जो माणूस आपली पिशवी हातात घेऊन "चला, चांगलं लॉज दाखवतो" म्हणतो, त्याला सगळ्यांत चांगलं लॉज कोणतं वाटतं? ज्याचं कमिशन मिळतं ते. या बहुतेक याद्यांचं तेच. खालच्या दुव्यावरून गिऱ्हाईक गेलं की यादी करणाऱ्याच्या हातावर काहीतरी पडतं. तारे आकाशातले नसतात, दलालीतले असतात. त्यातलं 'अमर्यादित होस्टिंग' तर खानावळीतल्या अमर्यादित थाळीसारखं. तिसऱ्यांदा भात मागितला की मालक ज्या नजरेनं बघतो, तीच नजर करारपत्रात बारीक अक्षरांत छापलेली असते. पहिल्या वर्षीचा दर चहा-भज्यांचा, दुसऱ्या वर्षीचा लग्नाच्या पंगतीचा. आणि हा दुसरा आकडा यादीत ठळकपणे सापडला तर मला कळवा.

यावर तुम्ही विचाराल, मग उपयोगाचं काहीच नाही का? आहे ना. पण ते दिसायला इतकं रुक्ष आहे की त्याला कुणी तारे देत नाही.

पहिलं साधन म्हणजे नावाचा सातबारा. आपल्या राज्यात शेताचा सातबारा ऑनलाइन पाहता येतो, तसा डोमेनचाही पाहता येतो. त्याला जुने लोक 'हू इज' म्हणतात. 'कॉम'सारख्या आडनावांसाठी जानेवारी २०२५ पासून त्या जागी 'आरडॅप' नावाची नवी पद्धत आली. आयकॅनच्या शोधपानावर नाव टाका. नोंदणी कधी झाली, कुणामार्फत झाली, मुदत कधी संपते, सगळं फुकट दिसतं. व्यक्तीचं नाव मात्र २०१८ साली युरोपात खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुधा झाकलेलं असतं. म्हणून मालक ओळखायची गावठी परीक्षा सांगतो. भाडं भरण्याची सूचना कुणाच्या ई-मेलवर येते? तो मालक. बाकी सगळे पाहुणे.

दुसरं साधन कॅलेंडर. हो, भिंतीवरचं. मुदतीच्या तारखेभोवती लाल गोल. मुदत टळली की 'कॉम'सारखं नाव लगेच बाजारात येत नाही. दुकानदार बहुधा काही दिवस थांबतो. त्यानं नाव सोडलं तरी पुढे तीस दिवस ते दंड भरून परत मिळतं, आणि मग शेवटचे पाच दिवस फक्त बघत बसायचं. पण दुकानदाराची सवलत म्हणजे कायदा नव्हे. काही जण नाव आधीच लिलावात काढतात.

तिसरं म्हणजे कुलूप. पत्त्याच्या डावीकडे 'सुरक्षित' असं दाखवणाऱ्या प्रमाणपत्राचे काही कॉम्प्युटरवाले वर्षाला वेगळे पैसे घेतात. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा सेवा २०१५ सालच्या अखेरीपासून ते सगळ्यांना फुकट देते आहे. सार्वजनिक नळाचं पाणी बाटलीत भरून विकण्याचा हा उद्योग आहे.

चौथं, घर आणि पत्ता वेगळा ठेवणं. होस्टिंग म्हणजे भाड्याचं घर आणि डोमेन म्हणजे दारावरची पाटी. दोन्ही एकाच्याच हाती असली, की घरमालकाशी वाजलं तर तो पाटीही ठेवून घेतो. घर बदलता येतं. पाटी आपल्या पिशवीत पाहिजे. आणि घरातल्या सामानाची एक नक्कल आपल्या कपाटात.

आमच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ म्हणतात, "एवढ्या मोठ्या कंपन्यांकडून चुका होतात, आपण कोण?" होतात, खरंच होतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या 'पासपोर्ट' या नावाचे पस्तीस डॉलर भरायला विसरली, हॉटमेलवाल्यांची दारं बंद झाली, आणि अखेर एका परक्या प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून पैसे भरले. २०१५ च्या सप्टेंबरात तर 'गूगल डॉट कॉम' हेच नाव कच्छच्या मांडवीतल्या सन्मय वेद या तरुणाला बारा डॉलरना मिळालं. मिनिटभर तो गूगलचा धनी होता! मग व्यवहार रद्द झाला, गूगलनं त्याला सहा हजार सहा डॉलर आणि तेरा सेंट बक्षीस देऊ केलं, त्यानं ते दान करायला सांगितलं तेव्हा रक्कम दुप्पट केली. गोड कथा आहे. पण तिचं तात्पर्य असं, की मोठ्यांची चूक मिनिटात दुरुस्त होते आणि वर बातमी होते. वाचनालयाचं नाव गेलं तर त्याची बातमी गुरुजींपर्यंतच पोचते.

दुसरे एक गृहस्थ म्हणतात, "वेबसाइट कशाला? फेसबुकचं पान आहे, व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे." त्यांना मी ऑर्कुटची आठवण करून देतो. अर्ध्या देशानं तिथं आपले फोटो आणि प्रेमभंग ठेवले होते. ३० सप्टेंबर २०१४ ला दुकान बंद. त्याआधी 'जिओसिटीज'वर लोकांनी फुकट घरं बांधली होती. याहूनं २००९ मध्ये ती बहुतेक सगळी पाडली. फुकट डोमेन वाटणाऱ्या 'फ्रीनॉम'नं २०२४ च्या फेब्रुवारीत तो धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. धर्मशाळेत राहायला माझी ना नाही. पण धर्मशाळेच्या भिंतीवर आपली पाटी ठोकून तिला वाडा म्हणू नये.

आता राहिली मराठी. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हे देवनागरी आडनाव मिळतं. 'पूर्णा' असं आपल्या अक्षरांत लिहून पुढे टिंब आणि भारत. ऊर भरून येतो. पण यंत्राच्या पोटात या 'भारत'चं होतं 'एक्स एन', दोन आडव्या रेघा, 'एच टू बी आर जे नाइन सी'. यंत्राच्या सोयीसाठी तेही मी सोसलं असतं. पण असा देवनागरी ई-मेल पत्ता कितीतरी अर्जांमध्ये भरला, की खाली तांबड्या अक्षरांत 'पत्ता अवैध आहे' असं येतं. पत्ता भारताचा, आणि अवैध! पी ए यू परवडलं म्हणायची वेळ.

आमच्याकडे एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' तिचा मूळ अर्थ काही असो, आमच्या संस्थांनी तो 'जमलं तर जमलं, नाही तर घरी बसू' असा करून ठेवला आहे. शाळा, पतपेढ्या, मंडळं, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळ्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत कुणाकडून तरी वेबसाइट बनवून घेतली. जागेचा उतारा लोखंडी कपाटात, त्याची किल्ली अध्यक्षांच्या जानव्याला, आणि नावाचा उतारा कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही! जागा गेली तर कोर्ट आहे, मोर्चा आहे, उपोषण आहे. नाव गेलं तर निघतो तो फक्त एक सुस्कारा. आणि तिथून पुढे आपल्या नावानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना जुगाराचं आमंत्रण जात राहतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वार्षिक सभेत हिशेब मंजूर होतो, मागचं इतिवृत्त कायम होतं, त्याच्या जोडीला एक विषय हवा: संस्थेचं नाव कुणाच्या नावावर आहे, सूचना कुणाच्या ई-मेलला येते, आणि मुदत कधी संपते. नाव संस्थेच्या खात्यात, ई-मेल संस्थेचा, पासवर्ड लखोट्यात, लखोटा कपाटात. कॉम्प्युटरवाल्याला त्याच्या कामाचे पैसे जरूर द्या, दोन चहा जास्त पाजा. पण पाटी आपल्या हातात घ्या.

आमच्या सभेत मी हे सगळं उभं राहून सांगितलं. टाळ्या पडल्या. नवीन नाव आता वाचनालयाच्या खात्यावर आहे. जुन्या नावावर रमी चालू आहे. सभा संपताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण माझ्या मुलाचं दुकान आहे ना, त्याची वेबसाइट कुणाच्या नावावर आहे ते कसं बघायचं?"

तिथल्या तिथं खुर्चीवर बसून आम्ही ती पाहिली. मुदत संपायला अकरा दिवस होते.