दारव्ह्याचे रक्त आणि स्टॅनफर्डचा संगणक

बुद्धीच्या निर्यातीविषयी महाराष्ट्रात गेली पन्नास वर्षे जी चर्चा चालू आहे, तिचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत शिकलेला तरुण परदेशी जातो, तेथे नाव काढतो आणि त्याच्या शिक्षणाचा खर्च मात्र येथील करदात्याच्या माथी राहतो, असा तो हिशेब. डॉ. अंशुल कुंडाजे यांची कारकीर्द या हिशेबात बसवू पाहिली, तर हिशेबच अपुरा असल्याचे ध्यानात येते. मुंबईच्या वीरमाता जिजाबाई तंत्रशिक्षण संस्थेतून 2001 साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 2008 साली संगणकशास्त्रात डॉक्टर झाले. आज ते स्टॅनफर्ड विद्यापीठात आनुवंशिकी आणि संगणकशास्त्र या दोन्ही विषयांचे अध्यापक आहेत. त्यांच्या कामाचा यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो सिकलसेल या रक्तविकाराच्या वाटेने येतो.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. मानवी डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर. प्रथिने कशी बनवावीत हे सांगणारी जनुके त्यात वीस हजारांच्या आसपास आहेत आणि त्या सूचनांनी मजकुराचा जेमतेम दोन टक्के भाग व्यापला आहे. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांना एके काळी सरसकट अडगळ मानले जाई. तथापि यकृताच्या पेशीत आणि रक्ताच्या पेशीत मजकूर एकच असूनही दोन्ही पेशी वेगळ्या वागतात, याचे कारण त्या तथाकथित अडगळीत विखुरलेल्या कळा आहेत. कोणते जनुक केव्हा, कोठे आणि किती चालावे हे त्या ठरवितात. कोणती कळ कोणत्या अक्षरांनी बनली आहे, हे नजरेने वाचून कळत नाही, कारण या लिपीचे व्याकरण कोणालाच ठाऊक नव्हते.

कुंडाजे यांनी हे व्याकरण यंत्राला शिकविण्याचा मार्ग धरला. कोलंबियात क्रिस्टिना लेस्ली यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सुरुवात केली ती यीस्टपासून. प्राणवायू आणि हीम यांच्या कमीजास्त पुरवठ्याला यीस्टची जनुके कसा प्रतिसाद देतात, याचे भाकीत करणारी संगणकीय प्रतिमाने त्यांनी बांधली. पुढे ‘एन्कोड’ या अमेरिकी शासनाच्या पैशावर चाललेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मानवी डीएनएमधील कळांचा नकाशा तयार होऊ लागला, तेव्हा त्याच्या विश्लेषणाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर आली. 2012 साली त्या प्रकल्पाचे तीस निबंध एकदम प्रसिद्ध झाले. 2015 साली 111 प्रकारच्या पेशी व ऊतींचे नियंत्रण-नकाशे एकत्र मांडणारा निबंध ‘नेचर’मध्ये आला, त्याच्या प्रथम लेखकांत कुंडाजे होते.

येथपर्यंतचे काम पुष्कळसे साफसफाईचे होते, आणि त्याचे मोल बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. डीएनएचे काही भाग असे आहेत की कोणताही प्रयोग करा, तेथे मोजमाप खोटे फुगते. अशा भागांची एक वर्ज्य यादी कुंडाजे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. ती 2019 साली रीतसर प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात. ज्याला पैसेवारीचा इतिहास माहीत आहे, त्या विदर्भातल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मूळ नोंद चुकली की तिच्यावर उभारलेला दुष्काळाचा सारा हिशेब चुकतो, मग पुढची आकडेमोड कितीही निर्दोष असो.

दुसरे महत्त्वाचे काम यंत्राला जाब विचारण्याचे. खोल जालांवर आधारलेले मशीन लर्निंग भाकीत बरोबर करते, पण ते का केले हे सांगत नाही, अशी तक्रार असे. अवंती श्रीकुमार आणि पेटन ग्रीनसाइड या विद्यार्थिनींसह कुंडाजे यांनी 2017 साली ‘डीपलिफ्ट’ ही पद्धत मांडली. यंत्राच्या उत्तरातील श्रेय वा दोष मूळ मजकुराच्या एकेका अक्षरापर्यंत मागे नेऊन वाटणे, हे तिचे सार. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बीपीनेट’ या प्रतिमानात हीच दृष्टी होती. नियंत्रक प्रथिने डीएनएवर नेमकी कोठे बसतात आणि एकमेकांपासून किती अंतरावर बसणे पसंत करतात, असे नियम त्यातून वाचता आले. नुसत्या भाकितापेक्षा कारण मोलाचे, हा आग्रह या कारकिर्दीचा कणा म्हणावा लागेल.

आता दारव्ह्याकडे. सिकलसेल हा विकार हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या बदलाने होतो. लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदनांचे झटके येतात आणि रक्त घटत जाते. विदर्भात आदिवासी तसेच इतर काही समाजांत या विकाराचे प्रमाण मोठे आहे, आणि गोंड, कोलाम, परधान, आंध यांची वस्ती असलेला यवतमाळ जिल्हा त्याच पट्ट्यात येतो. एकच अक्षर बदललेले असताना एक मूल महिन्या दोन महिन्यांनी रुग्णालयात आणावे लागते आणि दुसरे बऱ्यापैकी धडधाकट राहते, हे कसे? उत्तराचा मोठा भाग गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनमध्ये आहे. जन्मानंतर ते बनणे थांबते. ज्यांच्यात ते थोडेफार चालू राहते, त्यांना त्रास कमी होतो. भारतात आढळणाऱ्या सिकलसेलसोबत हे हिमोग्लोबिन जास्त असते, म्हणून येथील रोग सौम्य, असे पूर्वी पुस्तकांत लिहिले जाई. नागपूरच्या रुग्णांच्या अभ्यासाने हे समाधान टिकू दिले नाही. तेथे गंभीर आजारी मुले पुरेशी दिसली.

हे हिमोग्लोबिन बंद करणारे जनुक ‘बीसीएल-11-ए’ आहे आणि त्याची रक्तपेशींतील कळ त्याच दुर्लक्षित अठ्ठ्याण्णव टक्क्यांत आहे. ती 2013 साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखविली. हा शोध कुंडाजे यांचा नव्हे, परंतु ज्या प्रकारचे नकाशे वाचण्यात त्यांची कारकीर्द गेली, तशाच नकाशांवरून ती कळ सापडली. ती कळ रुग्णाच्या मूळपेशींत कापून निकामी करणारा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार 2023 च्या अखेरीस प्रथम ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेतील त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या वर.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मामला येथे रंगतदार होतो. कळांचे नकाशे सार्वजनिक पैशातून झाले आणि फुकट उपलब्ध आहेत. कुंडाजे यांच्या प्रयोगशाळेच्या आज्ञावलीही खुल्या आहेत. दारव्ह्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने त्या उतरवून घेतल्या तर स्टॅनफर्डचे काही कमी होत नाही. मग बुद्धीची निर्यात झाली म्हणून नेमके गमावले काय? गमावले असेल तर ते आयात करून वापरण्याचे सामर्थ्य. ज्ञान फुकट आहे. ते येथील रुग्णाला लागू करण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा, नोंदवही आणि जाणते मनुष्यबळ यांपैकी काहीच फुकट मिळत नाही.

शकुंतला रेल्वेचे उदाहरण या प्रदेशाला चटकन आठवेल. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद लोहवाट इंग्रज कंपनीने कापसासाठी बांधली. कापूस गेला आणि कापड होऊन परत आला. रक्ताच्या नमुन्यांचे तसेच होईल, असे म्हणण्याचा मोह होतो. उपमा अर्धीच खरी. गेलेली गासडी परत येत नाही. माहितीची प्रत घरी ठेवून ती जगाला देता येते. परंतु घरी ठेवण्यासाठी घर लागते.

शिवाय परक्या माहितीवर शिकलेले यंत्र येथे कितपत चालेल, याची शंका निराधार नाही. एकाच प्रमाण मजकुरावर शिकलेली ही प्रतिमाने दोन व्यक्तींमधील फरक सांगताना वारंवार फसतात, असे 2023 साली दोन स्वतंत्र अभ्यासगटांनी दाखविले. विदर्भाला हवे असते ते नेमके हेच: दोन मुलांमधला फरक. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने 83 लोकसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींचा डीएनए वाचून 2025 च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली केली, हे स्वागतार्ह होय. परंतु तो मजकूर झाला. रक्तपेशींतील कोणत्या कळा चालू आहेत आणि त्या मुलाचा आजार किती तीव्र आहे, या नोंदी त्याला जोडल्याखेरीज यंत्र काही शिकणार नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवखा नाही. पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्राचे केंद्र 1987 सालीच उभे राहिले. तेथील अशोक कोळसकर आणि प्रसाद तोंगावकर यांनी 1990 साली प्रथिनाच्या कोणत्या भागाला प्रतिकारशक्ती ओळखील, याचे सुमारे 75 टक्के अचूक भाकीत करणारी साधी रीत दिली. ती आजही वापरात आहे. म्हणजे पुण्यात जे चाळीस वर्षांपूर्वी जमले, ते यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वा अमरावती विद्यापीठात का जमू नये, याला अर्थसंकल्पातील प्राधान्यक्रमाखेरीज दुसरे कारण दिसत नाही. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोजणे, रुग्णाच्या झटक्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे आणि संख्याशास्त्र जाणणारी दोन माणसे कायम पदावर नेमणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. कंत्राटी नेमणुकीने तो होणार नाही. दहा वर्षांची नोंदवही अकरा महिन्यांच्या माणसाकडून राखली जात नसते.

केंद्र शासनाने 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेचा ‘बिरसा 101’ हा देशी जनुक-संपादन उपचार जाहीर झाला आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करारही झाला. किंमत खाली येण्याची आशा त्यातून बाळगता येते. मात्र मोहिमेत घेतलेला प्रत्येक नमुना हा माहितीचाही साठा आहे, आणि त्याविषयी कायदा मुका आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यात वनस्पतीच्या वापरातील लाभाचा वाटा गावाला देण्याची तरतूद आहे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येतून मानवी आनुवंशिक द्रव्य वगळलेले आहे. कोलामाच्या पोडावरील हिरड्याला जे संरक्षण मिळते, ते त्या पोडावरील माणसाच्या रक्ताला मिळत नाही. निराळा कायदा होईपर्यंत ही उणीव नमुना घेताना भरावयाच्या संमतिपत्रात भरून काढता येण्याजोगी आहे. माहिती कोठे राहील, कोण वापरील आणि तिच्यातून निपजलेला उपचार जिल्ह्याच्या रुग्णालयात कोणत्या दराने मिळेल, हे मराठीत आणि शक्य तेथे गोंडी-कोलामीत तेथेच नमूद झाले पाहिजे, आणि तेही सुई टोचण्यापूर्वी.